फळ्या काढायच्या आधी

सोमवार, ६ तारीख

पोहोचलो एकदाचे. गाडीने वळणं घेऊन घेऊन आतडी पिळून काढली. मी सगळी वाट मधल्या सीटवर बसून पुढच्या माणसाच्या टकलाकडे बघत होतो. ही खिडकीशी. "अहो, बघा तरी, दरी केवढी आहे!" मी म्हणालो, मला वाचायचंय. हातात वाचायला काही नव्हतं, पण ते तिच्या लक्षात आलं नाही.

गाव म्हणजे चढाचा एक रस्ता आणि त्याला दोन्हीकडून चिकटलेली घरं. छपरं पत्र्याची, पत्र्यांवर शेवाळ. खालच्या टोकाला बाजार, वरच्या टोकाला जंगल. धबधबा कुठूनच दिसत नाही, ऐकू मात्र सगळीकडे येतो, लांब कुठेतरी मोठी गिरणी चालू असावी तसा. घरमालकीण म्हणाली, दोन दिवसांनी तुम्हाला तोही ऐकू येणार नाही. बाई चाळिशीची, तरतरीत, बोलायला लागली की श्वास घ्यायचं विसरते. मला लगेच काका आणि हिला काकू करून टाकलं.

खोली बरी आहे. गाद्या किंचित ओल्या, पण इथे सगळंच किंचित ओलं. दार अरुंद आहे, ही आत येताना खांद्यावर आपटली. मी मालकिणीला सांगितलं, दारं जरा रुंद ठेवत जा. जेवायच्या खोलीत भिंतीवर धबधब्याचा मोठा फोटो आहे, खाली हिरवागार डोह आणि त्यात पांढरे गोल दगड. तिकीट न काढता धबधबा बघून झाला, असं मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

आलो कशासाठी ते लिहून ठेवतो. हिला काचबिंदू आहे. गेल्या वर्षी कळलं. कडेची नजर हळूहळू जाते, गेलेली परत येत नाही, थेंब घालून उरलेली राखायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी जाता जाता म्हटलं, "बघायचं असेल ते बघून घ्या." मी स्वतः चष्मेवाला, हयात लोकांना अक्षरं वाचायला लावण्यात गेली, आता दुकान पुतण्या बघतो. मला ठाऊक आहे, डॉक्टर लोकांना असं बोलायची खोड असते. पण हिने मनावर घेतलं. घरी येऊन म्हणाली, "मला एक मोठा धबधबा बघायचाय. जवळून." शिलाई मशीन सोडलं तर एवढ्या संसारात हिने स्वतःहून काही मागितल्याचं मला आठवत नाही. तेव्हा हा धबधबा दाखवायचाच.

मंगळवार, ७ तारीख

आज जे झालं ते लिहू की नको, असं करत दुपार घालवली. लिहितोच. ही इथे माझी वही उघडत नाही.

सकाळी निघालो. मालकिणीने रबरी बूट दिले, जळवांसाठी. जंगलात शिरलं की एकदम गार आणि अंधारं. झाडावर झाड, त्या झाडावर तिसरं, जागेची टंचाई आमच्या बाजारपेठेसारखीच. ही माझा दंड धरून चालत होती. एरवी चारचौघांत हात धरायची हिची पद्धत नाही. म्हटलं, हवा बदलली की माणूस बदलतं. मी जरा ऐटीतच चालत होतो.

मग पूल आला. पूल कसला, दोन लोखंडी दोर, बाजूला जाळी आणि खाली आडव्या फळ्या. फळी आणि फळीमध्ये फट. त्या फटीतून पाणी दिसतं, आणि ते इतकं खाली आहे की बघवत नाही. धबधबा पलीकडे, वळणापुढे. दुसरी वाट नाही.

मी पहिल्या फळीवर पाय ठेवला आणि पूल हलला. माझी पाचावर धारण बसली. मागे एक तरुण जोडपं उभं, समोर लोकांना पूल पार करून देणारा पूलवाला, आणि ही विचारतेय, "काय झालं हो?"

मला भीती वाटते, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "छातीत कळ आली." हातही आपोआप छातीवर गेला. नाटकात कधी काम केलेलं नाही, पण हात बरोबर जागेवर गेला.

हिचा चेहरा पांढराफटक पडला. तो चेहरा बघून तरी मी खरं बोलायला हवं होतं. पण तोवर पूलवाल्याने मला पाठंगुळी घेतलं होतं. माझं वजन भरपूर आहे. तो धापा टाकत होता, ही मागून ठेचकाळत येत होती, "सावकाश, सावकाश" म्हणत होती, आणि मी डोळे मिटून कण्हत होतो. मधेच कण्हणं थांबवलं असतं तर बरं दिसलं नसतं.

उंचावर मला नेहमीच असं होतं. गच्चीवर बोलावलं तर ऊन सोसत नाही, जत्रेतल्या पाळण्यात बसवलं तर कंबर धरते. कारणं तयार असतात. पण आजवर कारणापायी कुणी मला पाठीवर वाहून आणलं नव्हतं. शरम वाटते. झोपून राहायला सांगितलंय, म्हणून झोपून लिहितोय.

बुधवार, ८ तारीख

गावात एकच डॉक्टर. बाई आहे, आमच्या थोरलीपेक्षा लहान. छातीला चिमटे लावून तिने कागदाची पट्टी काढली. पट्टी चांगली आली. वाटलं, सुटलो. पण ती म्हणाली, "पट्टी चांगली म्हणजे काहीच नाही असं नसतं हं. कळ खरंच आली होती ना?"

खोलीत आम्ही तिघंच. ही माझ्या पायांशी उभी. मी म्हणालो, "हो." झालं, दुसऱ्यांदा.

"मग आठवडाभर चढउतार बंद."

तिने औषधांची चिठ्ठी हिच्यापुढे धरली, जरा बाजूने, तर ही ढिम्म. ढुंकूनही बघेना. बाईंचा हात तसाच हवेत. शेवटी मीच उठून घेतली. एवढा आजारी माणूस मी, आणि चिठ्ठ्याही मीच घ्यायच्या! नंतर बोललो तिला. म्हणाली, "लक्ष नव्हतं."

संध्याकाळी मालकिणीकडून कळलं ते त्याहून वाईट. पुलाच्या फळ्या सतरा तारखेला काढणार. मोठा पाऊस सुरू व्हायच्या आत दरवर्षी काढतात, नाहीतर पूर वाहून नेतो. प्रत्येक घर आपल्या वाट्याच्या फळ्या खांद्यावरून आणतं आणि पाऊस सरेपर्यंत सांभाळतं. कुणी त्यांचे बाक करतात, कुणी त्यांच्यावर भांडी मांडतात. मालकिणीचा मुलगा लहानपणी तेवढे महिने फळीवर झोपायचा, म्हणे, कारण पलंग नव्हता. "एकदा फळ्या घरात आल्या की पलीकडे कुणी नाही काका. धबधबा एकटाच कोसळत बसतो."

ही लगेच म्हणाली, "नाही बघितला तर नाही. धबधब्यापेक्षा माणूस मोठं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवलो मात्र व्यवस्थित. दोन अंडी जास्तीची मागून घेतली.

शुक्रवार, १० तारीख

पडून पडून पाठ धरली. आजारी नसलेल्या माणसाने आजारी राहणं फार कष्टाचं असतं. जरा बरं वाटलं की कण्हायचं विसरायला होतं. काल खिडकीशी शीळ घालत उभा होतो, ही आत आली, तेव्हा शिळेचा खोकला केला.

ही दिवसभर माझ्याजवळ बसून असते. उठते तेव्हा भिंतीवरून हात फिरवत फिरवत चालते. म्हटलं, हे काय? तर म्हणाली, "ओल किती आहे ते बघतेय." या बाईला कुठेही गेलं तरी दुसऱ्यांच्या भिंतींची काळजी.

आज वेळ जाईना म्हणून तिची नजर तपासली. समोरच्या भिंतीवर एक जुनं कॅलेंडर आहे, अगदी खाली छापखान्याचा पत्ता मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. एक डोळा झाकून वाचायला लावला, मग दुसरा. खडाखड वाचला! पिनकोडसकट. मला इतका आनंद झाला की टाळी वाजवली. म्हटलं, "बघ, डॉक्टर लोक नुसते घाबरवतात. तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली आहे." तीही हसली.

मग पाणी प्यायला हात लांब केला आणि शेजारचा पेला धाडकन खाली. चादर ओली, माझं पांघरूण ओलं. "लक्ष कुठे असतं गं तुझं हल्ली?" मी जरा जोरातच बोललो. ती खाली वाकून काचा चाचपत राहिली. बोट कापून घेतलं.

ओरडायला नको होतं. ज्याच्यासाठी ती हे सगळं करतेय त्याला काय झालंय, तर काही नाही. तिच्या बोटाला पट्टी बांधताना सांगून टाकावं असं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मालकीण सूप घेऊन आली. सूप चांगलं होतं.

सोमवार, १३ तारीख

मधले दोन दिवस लिहिण्यासारखं काही नाही. पाऊस, सूप, लाज.

आज पूलवाला बघायला आला. मला पाठीवरून आणलं त्या दिवसापासून त्याची कंबर दुखतेय, हे मालकिणीकडून कळलं होतं. स्वतः मात्र बोलला नाही. स्टुलावर बसला, दोन्ही तळहात गुडघ्यांवर. म्हणाला, "काका, तुम्ही घाबरू नका, बरे व्हाल. तुमचं निदान खरं दुखणं तरी आहे. लोक तर नुसते घाबरून माझ्यासमोर बसकण मारतात."

मी सावध झालो. चोराच्या मनात चांदणं. विचारलं, "घाबरतात?"

"निम्मे तरी. एकदा एक फौजदार आला होता, एवढ्या मिशा. तो रांगत गेला. रांगत परत आला. मग त्याने मला सलाम ठोकला."

ही खळखळून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

"मग तुम्ही काय करता त्यांचं?"

"शेपूट देतो." त्याने कमरेला बांधलेली जाड दोरी दाखवली. मागे तिचं टोक लोंबत होतं, टोकाला गाठ. "हे धरायचं आणि माझ्या पाठीकडे बघत यायचं. खाली बघायचं नाही. आमच्याकडे याला शेपूट धरणं म्हणतात. माझी सासू आयुष्यभर शेपूट धरून जाते-येते. आधी माझ्या सासऱ्याचं धरायची, आता माझं."

"लाजत नाहीत का लोक?"

"कशाला?" त्याला प्रश्नच कळला नाही.

मी भिंतीकडे तोंड केलं. म्हणजे या गावात भीती ही पावसासारखी गोष्ट आहे. छत्री आणली नसेल तर मागून घ्या. आणि मी त्या भीतीसाठी हृदय पणाला लावलं. एक दोरी धरली असती तर मंगळवारीच धबधबा बघून झाला असता, त्याची कंबर शाबूत राहिली असती, हिचं बोट राहिलं असतं.

निघताना तो हिला म्हणाला, "काकू, काकांना पडून राहू द्या. तुम्ही चला उद्या माझ्याबरोबर. मी नेतो आणि आणून सोडतो."

"नको. जाईन तर यांच्याबरोबर."

तो गेल्यावर मी लकडाच लावला. जा, जा की, मी इथे मरत नाही. फळ्या निघाल्या की संपलं. शेवटी ती तडकली. "मला नाही जायचं परक्या माणसांबरोबर! सारखं मागे लागू नका." आवाज इतका चढला की खालून मालकिणीने विचारलं, काय झालं.

असली बायको. नवरा आजारी म्हणून हौसेवर पाणी सोडते, आणि वर रागावते. आता मी तिला काय सांगू?

मंगळवार, १४ तारीख

थोरलीचा फोन आला. "बाबा, कसं वाटतंय?" मी म्हणालो, ठीक आहे. "आईला जपा हं. नवी जागा आहे, पायऱ्या-बियऱ्या..."

"तुझी आई पिनकोड वाचते भिंतीवरचा. तिलाच सांग, बाबांना जप."

"बाबा, ती तुम्हाला सांगणार नाही पण..."

तेवढ्यात ही आली आणि मोबाइल माझ्या हातातून ओढूनच घेतला. "कशाला त्यांना त्रास देतेस? त्यांना विश्रांती सांगितलीय." आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. माझ्या तब्येतीबद्दलच असणार. माय-लेकी दोघी माझ्यासाठी झुरताहेत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. फक्त इथे तोंडही माझं आणि बुक्क्याही माझ्याच.

गुरुवार, १६ तारीख

काल डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पट्टी काढली आणि म्हणाल्या, "उत्तम. हळूहळू चाला, काही हरकत नाही." ही म्हणाली, "धबधब्यापर्यंत?" "पूलवाला सोबत असेल तर जा की." हिने माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच हो म्हणालो.

आज गेलो.

पुलाशी पूलवाल्याने शेपूट पुढे केलं. मला. मी तोऱ्यात म्हणालो, "तिला द्या. मी मागून आधार देतो हिला." तिने शेपूट धरलं आणि मी तिच्या रेनकोटचा पट्टा धरला, दोन्ही हातांनी. आणि डोळे घट्ट मिटले. सगळा पूल असा पार केला. पट्टा एवढा ओढला की एक बटण तुटलं. ही मात्र न थांबता, सरळ चालत गेली. मला वाटलं, धीट आहे बाई. मधे एकदा तिने मागे हात करून माझ्या मुठीवर ठेवला आणि म्हणाली, "झालंच." मी म्हणालो, "सांभाळून हं, मी आहे." पूलवाला पुढून खोकला की हसला, कळलं नाही.

वळणापुढे खडक पुढे आलाय, त्याला लोखंडी कठडा. तिथे पूलवाला मागे थांबला. पाण्याचा आवाज एवढा की कानाशी तोंड नेऊन बोलावं लागतं. तुषारांनी क्षणात भिजलो. ही कठड्याला धरून उभी, मान इकडेतिकडे हलवतेय, हरवलेली वस्तू शोधावी तशी. मग माझ्या कानात म्हणाली, "वरून सुरुवात करा. कुठून निघतो तो?"

वर बघायला मला काही होत नाही. मी तिची हनुवटी धरून वर केली, डावीकडे वळवली. दोन काळी झाडं आहेत, त्यांच्या मधून पाणी सुटतं. "सापडला," ती म्हणाली. "आता खाली न्या." मी बोटाने खाली खाली नेत गेलो. मधे एक दगड पुढे आलाय, तिथे पाणी फुटतं आणि दोन धारा होतात. तेही तिला सापडलं. तिचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, चला, उशिरा का होईना, दाखवला.

मग ती म्हणाली, "आणि पडतो कुठे? मला तळ सापडत नाही. तुम्ही बघून सांगा."

तळ बघायला कठड्यावरून वाकावं लागतं. मी एक पाऊल पुढे टाकलं. कठडा गार आणि ओला. पायाखालचा खडक थरथरत होता, की मीच. मी डोळे मिटले. आणि डोळे मिटून तिच्या कानात सांगितलं. खाली डोह आहे, हिरवागार. पांढरे गोल दगड आहेत, मोठे मोठे. पाणी स्वच्छ आहे, दगड मोजता येतील. अगदी तो भिंतीवरचा फोटो सांगितला. आणखी घातलं पदरचं, एका दगडावर पक्षी बसलाय म्हणालो.

तिने मग माझा हात दाबला आणि म्हणाली, "छान."

संध्याकाळी जेवताना तिनेच मालकिणीला सांगितलं. वरची झाडं, मधला दगड, दोन धारा, आणि खाली हिरवा डोह. पक्षीसुद्धा. मालकिणीचा हात वाढता वाढता थांबला. "हिरवा? या दिवसांत? सध्या तर पाणी चहासारखं लाल..." तिने भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी ताटात बघत होतो. "हो हो," ती म्हणाली, "दिसतो कधी कधी हिरवा. ऊन पडलं की."

दिवसभरात ऊन कुठेच नव्हतं.

किती खालच्या थराला गेलो मी. छातीचं एक वेळ समजू शकतो, ते न ठरवता तोंडातून निघालं. हे मात्र उभं राहून, शब्द जुळवून, पक्षी घालून केलं. तिने आयुष्यात जी एक गोष्ट बघायला मागितली तिचा अर्धा भाग मी फोटोवरून खपवला. गिऱ्हाइकाला अशी काच मी कधी विकली नाही. आता ती हा डोह घरी नेणार, थोरलीला सांगणार, शेजारी सांगणार, पुढे डोळे अधू झाले तर हाच आठवत बसणार. आणि प्रत्येक वेळी मी शेजारी बसून मान डोलावणार.

शुक्रवार, १७ तारीख, सकाळ

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. उजाडताच सांगायचं ठरवलं. ती पलंगाच्या काठावर बसून केस विंचरत होती. मी समोर स्टुलावर बसलो, दुकानात गिऱ्हाइकासमोर बसायचो तसा.

म्हणालो, "मला छातीत कळ आली नव्हती."

"हं."

"मला उंचावर भीती वाटते. पहिल्यापासून."

"माहीत आहे." विंचरणं चालूच. "हृदय बिघडलेला माणूस दोन-दोन अंडी जास्तीची मागत नाही. पहिला दिवस मात्र माझा जीव गेला होता. तो तुम्हाला माफ नाही."

"मग बोलली का नाहीस? धबधबा जात होता तुझा. पूलवाल्याबरोबर गेली असतीस."

तिने कंगवा बाजूला ठेवला. तो पलंगाच्या कडेवरून खाली पडला, तिला कळलं नाही.

"गेले असते आणि वाटेत आपटले असते, तर सगळ्यांना कळलं असतं." तिने अंगठा आणि बोट जुळवून एक कडं केलं आणि डोळ्यासमोर धरलं. "आता एवढंच दिसतं. मधलं स्वच्छ, भोवतीचं काही नाही. हिवाळ्यापासून."

मी तिच्या कानाच्या बाजूला बोटं धरून हलवली. मग गालाच्या बाजूला. मग जवळजवळ नाकासमोर. तेव्हा म्हणाली, "आता दिसली. तीन." ही तपासणी मी हजारदा लोकांची केली आहे. हिची कधी केली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्या घरात होता आणि मी त्यात बसून पिनकोड ऐकत होतो.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही समोर अक्षरं धरायचात, मी वाचायचे. तुम्हाला इतका आनंद व्हायचा."

मला तोंड दाखवावंसं वाटेना. पण एवढं झाल्यावर राहिलेलं ठेवून काय करायचं. म्हणालो, "काल खाली मी बघितलंच नाही. डोळे मिटले होते. डोह, दगड, पक्षी, सगळं खोटं आहे. मला खरंच लाज वाटते."

"तेही माहीत आहे."

"मालकिणीच्या तोंडावरून कळलं ना?"

"नाही हो. तिथेच कळलं. तुम्ही सांगत होतात तेव्हा मी तुमच्याकडेच बघत होते."

"धबधबा सोडून?"

"दोन्ही एकदम नाही दिसत आता मला," ती म्हणाली. "एका वेळी एकच काहीतरी निवडावं लागतं."

मी खाली वाकून कंगवा उचलला आणि तिच्या हातात दिला. तिने वेणी घातली, मग म्हणाली, गाडी दुपारची आहे, फळ्याही दुपारी काढायला घेणार आहेत असं मालकीण म्हणत होती, आणि मला तळ अजून बघायचाच आहे.

ती तयार होऊन बाहेर उभी आहे, हाका मारतेय. आज डोळे उघडे ठेवून वाकायचं आहे आणि जे असेल ते सांगायचं आहे, लाल तर लाल. मला जमेल की नाही, माहीत नाही. जातो.